माय, कोणतं गाव आलं?

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गाडीच्या कपाळावरची पाटी उलटवली. अकोल्याच्या स्टँडवर, दिवे लागायच्या सुमाराला. पाटीच्या एका अंगाला अकोला आणि दुसऱ्या अंगाला अमरावती. आल्यावर उलटवायची, म्हणजे सकाळी घाई होत नाही. मी वर चढून पाटी बसवली आणि तो खाली उभा राहून मान तिरपी करून म्हणाला, "उस्ताद, अमरावती डावीकडं झुकली." मी म्हणालो, "झुकू दे बावा, सकाळी रस्त्याच्या गचक्यानं सरळ होईन." तर हा शिडशिडीत माणूस पिशवी पाठीवर टाकून स्वतः बंपरवर चढला आणि अंगठ्यानं रेटून अमरावती सरळ करून उतरला. मग एक चहा घेतला, अर्धा त्यानं बशीत, अर्धा मी कपात. "सकाळी पावणेसहा," तो म्हणाला. "हो," मी म्हणालो. झालं. आणखी काही बोललो असतो तर आज लिहायला बरं पडलं असतं, पण रोज भेटणारी माणसं कुठं बोलतात?

हा माझा कंडक्टर. अकोला-दर्यापूर-अमरावती या रस्त्यावर आम्ही दहा-अकरा वर्षं एका गाडीवर काढली, मी पुढं आणि तो मागं. मी चौथी शिकलो, तेही चौथी अर्धी, तेव्हा माझ्या लिहिण्यात चुका निघतील. पण एक गोष्ट मी छातीवर हात ठेवून लिहितो. ज्याचं नाव त्याला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, असं व्रत धरणारा मनुष्य पृथ्वीवर एकच झाला आणि तो माझ्या गाडीत तिकिटं फाडत होता. प्यासिंजर त्याला मास्तर म्हणत. मी महाराज म्हणायचो, कारण तो भटजीचा मुलगा. त्याला स्वतःला कोणी काय म्हणावं याची काडीइतकी फिकीर नव्हती. मी एकदा टोचून बोललो, "सगळ्या जगाचं नाव विचारत फिरता, तुमचं सांगा ना काय म्हनू?" तर म्हणाला, "काहीही म्हणा. माझं नाव घेताना कोणी नाक मुरडत नाही, मग मला काय फरक पडतो? ज्याचं नाव घेताना मुरडतात, त्याला विचारावं लागतं."

हे खूळ त्याच्या घरातूनच आलेलं. बाप पट्टीचा भटजी. पूजेच्या आधी संकल्प सोडतात, त्यात यजमानाचं नाव, गोत्र, गाव, नदी, सगळं बरोबर यावं लागतं. चुकलं तर पूजेचं पुण्य शेजारच्या घरी उतरतं म्हणे. आता ज्याला आपलं गोत्र माहीत नाही त्याला काश्यप गोत्र देऊन मोकळं व्हायचं, ही भटजी लोकांची जुनी वाट. बापानं एका पूजेत असंच काश्यप ठोकून दिलं. हा एकोणीस वर्षांचा, शेजारी बसून दूर्वा मोजत होता. भर पूजेत म्हणाला, "बाबा, त्यांना विचारा तरी!" मग यजमान विचारात पडला, यजमानाची बायको विचारात पडली, कोणी तरी म्हाताऱ्या आत्याला आणायला गेलं, आत्याला ऐकू कमी येत होतं, आणि तोवर प्रसादाचा शिरा असा घट्ट झाला की उलथन्यानं फोडावा लागला. बापानं घरी येऊन हात जोडले. "तुझ्या हातून भिक्षुकी व्हायची नाही. तू मोटारीवर जा." आणि हा खरंच मोटारीवर आला.

पण संकल्प काही सुटला नाही. सकाळची पहिली गाडी निघायच्या आधी तो मधल्या जागेत उभा राहायचा, घंटीच्या दोरीला हात लावून कपाळाला लावायचा आणि खड्या आवाजात सुरू करायचा, "जंबुद्वीपे, भरतखंडे, वऱ्हाडदेशे, पूर्णातीरे, दर्यापूरमार्गे अमरावती!" मागून कोणी तरी ओरडायचं, "मास्तर, गाडी निगू द्या, सत्यनारायन घरी करू!" तिकीट फाडतानाही तेच. कुठं जायचं हे विचारून त्याचं भागत नसे. वस्ती कोणती, ती वस्ती स्वतःला काय म्हणते, हे विचारायचा. गडी वैतागून म्हणायचे, "एक तिकीट द्या ना जी, लगन थोडी जुयवून रायले!" त्याला ढिम्म. कानावरची पेन्सिल काढून एका मळक्या वहीत लिहायचा.

अकोल्याच्या बाहेर तेव्हा सिंधी लोकांची छावणी होती. फाळणीत घरदार सोडून आलेली माणसं. आमच्या तोंडी त्या जागेचं नाव निर्वासित, नुसतं निर्वासित. "निर्वासितवर उतरणारे चला," असं. एकदा पापडाची टोपली घेतलेला एक म्हातारा सिंधी पायरीवरच थांबला आणि म्हणाला, "मास्टर, घर बना लिया, दुकान लगा ली, बेटी की शादी भी इधर ही की। अब कितने साल निर्वासित रहें?" महाराज म्हणाला, "फिर क्या बोलूँ, बाबा?" म्हातारा म्हणाला, "हम अपने को पुरुषार्थी बोलते हैं।" दुसऱ्या दिवसापासून आमच्या गाडीत 'पुरुषार्थी छावणी' सुरू. एक कारकून बाबू, शिष्ट दिसणारे, चष्मा वर करून विचारते झाले, "ही कुठली नवी छावणी? मला का नाही माहीत?" महाराज म्हणाला, "कष्टानं उभे राहिलेल्यांची आहे. तुमचा स्टॉप पुढं आहे."

आणि एकदा अमरावतीच्या स्टँडवर मेळघाटातली चार माणसं चढली. चारोळीची गाठोडी, अंगावर फाटकं, बुजलेली. पुढच्या बाकावरचा एकजण ओरडला, "ए जंगली, मांगं जाऊन बसा!" महाराज तिकिटाची पेटी मांडीवर घेऊन त्या चौघांसमोर चक्क खाली बसला. "तुम्ही स्वतःला काय म्हणता?" असं त्यांना कोणी विचारलंच नसेल. शेवटी त्यातला म्हातारा म्हणाला, "कोरकू." "म्हणजे काय?" म्हातारा हसला. "मानसं." महाराज उठून उभा राहिला. "ऐकलं का हो? यांच्या जातीचं नाव माणसं आहे. गाडीत आणखी कोणाच्या जातीचं आहे?" मग मागून एक आवाज आला, "मास्तर, माहं त आडनावच कावळे हाये!" गाडी अशी हसली की पुढं माझ्या स्टिअरिंगला समजलं. त्या पुढच्या बाकावरच्यानंच मग सरकून जागा करून दिली.

हे वाचून तुम्ही म्हणाल, ड्रायव्हर भला माणूस दिसतो, कौतुक करतो. तर तसं काही नव्हतं. माझं घर गावातलं, वावरवाल्याचं. माझ्या तोंडात लहानपणापासूनचे, जातीवरून हिणवायचे शब्द होते आणि ते मी बिडी ओढावी तसे ओढत होतो. महाराज मला कधी उपदेश करत नसे. फक्त मी तसला एखादा शब्द बोललो की तो दोरी ओढून एक घंटी द्यायचा. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, हे तुम्हाला माहीतच आहे. गाडी उभी असली तरी तो एक घंटी द्यायचा. टिंग. पहिल्या वर्षी मला इतक्या घंट्या पडल्या की मी चिडून दोरीच कापायला निघालो होतो.

माझ्या घरीही त्यानं हाच उपद्व्याप केला. बायको आम्हा दोघांची भाकर बांधून द्यायची; भटजीच्या घरात मिळणार नाही असा ठेचा त्यात असायचा, आणि तो डोळ्यातून पाणी काढत खायचा. एकदा घरी आला तर तिला म्हणाला, "वहिनी, तुमचं नाव काय?" ती म्हणाली, "ड्रायव्हरीनबाई म्हनतात." "लोक काय म्हणतात ते नाही विचारलं." ती चुलीकडं तोंड करून म्हणाली, "सासरचं रुक्मिनी. माहेरचं शेवंता." "तुम्हाला कोणतं आवडतं?" तिनं हातातली भाकर थापून तव्यावर टाकली. मग म्हणाली, "शेवंता." मी तीन दिवस महाराजाशी बोललो नाही. माझ्या बायकोचं नाव, चौदा वर्षांत मी घेतलं नाही, आणि हा शेवंतावहिनी म्हणून हाका मारतो! चौथ्या दिवशी पाणी मागताना माझ्या तोंडून निघून गेलं, "शेवंता, पानी आन व." तिच्या हातातला गडवा सांडला. ती या चैत्रात गेली. दशक्रियेला भटजीनं नाव विचारलं, पोरानं कागदावरचं सांगितलं. मी म्हणालो, थांबा, शेवंता म्हणा. भटजी म्हणाला, दोन्ही म्हणतो. मी म्हणालो, म्हणा दोन्ही, पण शेवंता आधी. तेव्हा मला माझा कंडक्टर आठवला आणि म्हणूनच हे लिहायला बसलो.

आता खरी गोष्ट. दर्यापूरच्या अलीकडं एक गाव आहे, त्या गावाबाहेर सडकेला लागून एक वस्ती. तिचं जुनं नाव जातीवरून पडलेलं होतं. ते मी इथं लिहीत नाही, लिहिलं तर घंटी वाजेल. महाराज या लायनीवर आला तेव्हा त्यानं तिथल्या एका म्हाताऱ्याला विचारलं होतं, आणि त्यानं सांगितलं होतं, हरिजनपुरा म्हणा. भाड्याच्या तक्त्यातही तेच छापून आलं. चार वर्षं महाराज अगदी मान देऊन हरिजनपुरा म्हणत होता. मग वस्तीतल्या लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर एक दिवस गाडी तिथं थांबली, त्यानं नाव पुकारलं, आणि एक म्हातारी जागची उठेना. दर आठवड्याला बाजाराला जाणारी, ओळखीची म्हातारी. महाराज म्हणाला, "माय, आलं ना तुमचं." ती म्हणाली, "हरिजनपुरा मले मालूम नाई. माहं गाव आलं की सांगजा."

मी केबिनच्या जाळीतून ओरडलो, "उतर ना व बुढे, उशीर होऊन रायला!" आणि तिच्या वस्तीचं ते जुनं नाव घेतलं. टिंग. महाराज मागून म्हणाला, "उस्ताद, गाडी थांबली आहे. तुमची जीभ अजून पळते." मग म्हातारीसमोर हात जोडून उभा राहिला. "चूक झाली, माय. पण मी विचारलं होतं. चार वर्षांपूर्वी."

"चार वर्सात लुगडं बी बदलते, मास्तर," म्हातारी म्हणाली. "हरी कोन, त्याचे जन आमी काहून? आमी देवाची लेकरं, त बाकीची कोनाची? आता आमचं आमी ठेवलं नाव. पंचशीलनगर."

महाराजानं वही काढली, आधीचं नाव एका रेघेनं खोडलं आणि नवं लिहिलं. मग मोठ्यानं पुकारलं. म्हातारी उठली, पदर सावरला आणि राणीसारखी उतरली. त्या दिवशी दहा मिनिटं उशीर झाला. महाराज दर्यापूरला चहा पिताना म्हणाला, "उस्ताद, मी मूर्ख. एकदा विचारलं की काम संपलं असं समजत होतो." तेव्हापासून दर गुढीपाडव्याला त्याचा नेम झाला. वही घेऊन प्रत्येक वस्तीवर उतरायचं आणि नव्यानं विचारायचं. मी हॉर्न वाजवत बसायचो.

गावातल्या एका मोठ्या बागाइतदाराला हे खपलं नाही. त्यानं डेपोत अर्ज दिला की कंडक्टर मनाची नावं घेतो, पाहुण्यांची फजिती होते. साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. साहेब काही वाईट नव्हते, त्यांना अर्जाची फाइल बंद करायची होती. त्यांनी मला विचारलं, "तू रोज गाडी थांबवतोस. तू सांग, त्या स्टॉपला लोक काय म्हणतात?"

मला माहीत होतं. म्हातारीनं माझ्यादेखत सांगितलं होतं. एवढं एक नाव बोलायचं होतं. पण त्या बागाइतदाराच्या गावात माझी सासुरवाडी, त्याच्या विहिरीवर माझ्या मेव्हण्याचं ओलीत. मी टोपी हातात फिरवत म्हणालो, "साहेब, मी समोर पायतो. मले फक्त घंटी आयकू येते."

साहेब हसले आणि लेखी हुकूम दिला. कंडक्टरनं तक्त्यात छापलेलंच नाव पुकारावं. पुन्हा अर्ज आला तर या लायनीवरून काढू. महाराज कागद घडी करून खिशात ठेवत बाहेर आला. मला वाटलं आता बोलेल, शिव्या देईल. भटजीच्या शिव्या कशा असतात ते तरी समजेल. तो एवढंच म्हणाला, "उस्ताद, चहा घेता?"

दुसऱ्या दिवशी वस्ती जवळ आली तशी मी कान मागं लावून बसलो. हा छापील नाव घेतो की नवं? दोन्हीत नुकसान होतं. नव्या नावात लायन जाणार होती, छापील नावात म्हातारीचा मान. एक घंटी झाली, मी गाडी थांबवली. महाराज काहीच पुकारेना. खाली उतरला, दार धरून उभा राहिला आणि आत पाहून अगदी भोळेपणानं म्हणाला, "माय, कोणतं गाव आलं?"

म्हातारी आधी गोंधळली. मग तिच्या डोक्यात उजेड पडला. सारं आयुष्य दबून बोललेली बाई, पण असा आवाज काढला की सडकेवरचे बैल थबकले. "पंचशीलनगर!"

"मला माहीत नव्हतं," महाराज म्हणाला. "बरं झालं सांगितलं." आणि दोन घंट्या.

हुकूम मोडला नाही. कंडक्टरनं पुकारलंच नाही, तर अर्ज कशाचा देणार? मग तो रोजचा परिपाठ झाला. वस्तीतलं जे कोणी गाडीत असेल त्याला तो विचारायचा, आणि ते माणूस आपल्या गावाचं नाव आपल्या तोंडानं पुकारून उतरायचं. म्हातारी तर बाजाराच्या दिवशी मुद्दाम तयारीनं यायची, घसा खाकरून. बागाइतदार एकदा स्वतः गाडीत होता. त्यानं ऐकलं, मान फिरवली आणि खिडकीतून आपल्याच वावराकडं पाहत बसला. असं पाच वर्षं चाललं. तक्ता बदलला नाही आणि महाराजही बदलला नाही. मला त्यानं त्या डेपोतल्या उत्तराबद्दल कधी एक शब्द ऐकवला नाही. घंटीसुद्धा दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं.

मग ती पाटी उलटवली, तो चहा झाला, आणि सकाळी पावणेसहाला मी स्टँडवर आलो तर गाडीत दुसराच कंडक्टर. नवा, परीट घडीचा खाकी, हातात तक्ता. कंट्रोलरनं सांगितलं, तुमचे महाराज पहाटे गेले. अंघोळीला पाणी काढता काढता बसले ते उठलेच नाहीत. गाडी रद्द करतो म्हणाले तर मी नको म्हणालो. पाटी पाहिली. अमरावती सरळ होती.

संकल्पावाचून गाडी निघाली. बाजाराचा दिवस होता. मधल्या एका खेड्यात म्हातारी चढली, हे मी आरशात पाहिलं. लेकीकडून येत असावी. वस्ती आली. एक घंटी झाली, मी गाडी थांबवली. नव्या कंडक्टरनं तक्त्यात बोट ठेवून पुकारलं, "हरिजनपुरा!" कोणी उठलं नाही. म्हातारी दाराकडं पाहत बसून होती, कोणी तरी विचारेल म्हणून. "उतरा ना, आजीबाई, तिकीट इथलंच आहे तुमचं!" म्हातारी हालेना. पोरगा कंटाळला आणि त्यानं दोन घंट्या दिल्या.

दोन घंट्या म्हणजे चला. जन्मभर मी त्या हुकमावर गाडी काढली होती. त्या सकाळी मी इंजिन बंद केलं. केबिनमधून उतरलो, गाडीला वळसा घालून मागं गेलो, दार उघडून धरलं आणि विचारलं, "माय, कोनतं गाव आलं?"

म्हातारीनं मला नखशिखांत पाहिलं. मी तिला काय म्हणून ओरडलो होतो ते ती विसरली नव्हती. "मास्तर कुठी हायेत?" तिनं विचारलं. मी मान हलवली. तिला समजलं. ती उठली, पायरीपर्यंत आली, नाव घ्यायला तोंड उघडलं आणि पदराचा बोळा तोंडाशी धरला.

म्हणून मी बोललो. तोंड गाडीकडं करून, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं. "पंचशीलनगर!" ते नाव माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं. म्हातारीला हाताला धरून उतरवलं, केबिनमध्ये जाऊन बसलो आणि घंटीची वाट न पाहता गाडी काढली.